फोर्मिगाने कुणाचीही जागा अडवली नाही

सहा नंबर जर्सी
काल इथे एकाने लिहिलं: "फोर्मिगा टिकाऊ होती, महान नव्हती. सात वर्ल्ड कप खेळून एकही सोनं नाही, वर पंचवीस वर्षं तरुण पोरींची जागा अडवून बसली." म्हणजे ब्राझीलच्या महिला फुटबॉल संघाची मिडफिल्डर, मधल्या फळीतली खेळाडू. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ही बाई १९७८ ची. ती जन्मली तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांच्या फुटबॉलवर कायद्याने बंदी होती. १९४१ पासूनची ती बंदी १९७९ मध्ये उठली. सतराव्या वर्षी, १९९५ ला, ती पहिला वर्ल्ड कप खेळली आणि २०१९ पर्यंत एकही चुकवला नाही. ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉल १९९६ ला आलं. तिथपासून टोकियोपर्यंतची सातही ऑलिंपिक खेळलेली ती एकटीच. २०१६ च्या शेवटी तिने ब्राझीलच्या संघातून निवृत्ती घेतली होती. नंतर कोचने परत बोलावलं. जागा अडवणाऱ्याला कोणी घरून बोलावून आणतं का?

त्याच संघात पुढे खेळणाऱ्या मार्टाचे गोल सगळ्यांना पाठ आहेत. मार्टा पुढे सुटायची तेव्हा मागचा रिकामा पट्टा कोण सांभाळायचं? चेंडू हिसकावायचा, मान वर करून बघायचं, साधा पास द्यायचा, परत आपल्या जागेवर. नव्वद मिनिटं हेच काम. हायलाइट्समध्ये यातलं काही येत नाही. कॉलेजात मी त्याच जागेवर खेळले आहे, म्हणून हे मनाला लागतं.

गोलपोस्ट
तो मीच, आणि मी विचार करून लिहिलं होतं. ऑलिंपिकमध्ये २००४ अथेन्स, २००८ बीजिंग: दोन्ही फायनल अमेरिकेकडून जादा वेळेत हरल्या. २००७ ला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये त्याच अमेरिकेला ४-० ठोकलं आणि फायनलमध्ये जर्मनीपुढे ०-२. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये, घरच्या मैदानावर, ब्राँझसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मोठा सामना एकदाही निघाला नाही, तर प्रश्न विचारायचाच नाही का? ती निवृत्त झाल्यावर २०२४ ला पॅरिसमध्ये नव्या पोरींनी रौप्य आणलंच ना!

हाफटाइम
२०२३ बरं गाळलंत! १९९१ नंतर तिच्याशिवायचा पहिला वर्ल्ड कप, आणि ब्राझील गटातच बाहेर.

गोलपोस्ट
१९९५ ला ती होती. तेव्हाही गटातच बाहेर.

परळची आई
तुम्ही दोघं आकडे मोजा. मला वेगळंच सांगायचंय. २०१९ ला फ्रान्सकडून हरल्यावर मार्टा कॅमेऱ्यासमोर उभी राहून लहान मुलींना म्हणाली होती की फोर्मिगा कायमची नसेल, मी नसेन, क्रिस्तियाने नसेल, आता तुमच्यावर आहे. ते ऐकून माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा ती शाळेच्या संघात मिडफिल्डला खेळायची.

पुढे काय झालं? सरावाला ज्या मैदानावर जायची तिथे चारही बाजूंनी क्रिकेटची नेट. पोरींना मिळायचा एक कोपरा, तोही संध्याकाळी नेट सुटल्यावर. चेंडू पिचवर गेला की ओरडा. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. पोरी घरूनच किट घालून, वर ओढणी घेऊन लोकलमधून यायच्या. पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या तशाच परत. दहावी आली, सासूबाई म्हणाल्या आता पुरे, आणि मीसुद्धा हो म्हटलं, कारण रात्री साडेआठला दादर स्टेशनवर तिची वाट बघत उभं राहणं मला झेपत नव्हतं. तिच्या संघातल्या एकीचंही खेळणं बारावीच्या पुढे गेलं नाही. चाळिशीपर्यंत खेळली म्हणून एका बाईला नावं ठेवता, आमच्याकडे अठरापर्यंत खेळून दाखवा.

शिवाजी पार्क कट्टा
ताई, मुलीचं वाईट वाटलं, पण दरवेळी क्रिकेटच्या नावाने का खडे फोडता? २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्याच डी. वाय. पाटीलवर मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. त्या पोरीही याच मैदानांवर धक्के खात मोठ्या झाल्या. मेहनत केली, मिळवलं.

परळची आई
म्हणजे माझ्या मुलीने मेहनत केली नाही? हे तुम्ही कोण ठरवणार?

हाफटाइम
कट्टा, जरा जपून बोल. त्याच डी. वाय. पाटीलवर २० जानेवारी २०२२ ला आपल्या फुटबॉलच्या मुली आशियाई कपात इराणशी ०-० खेळल्या. तीन दिवसांनी कोविडमुळे संघ उभा करण्याइतक्या खेळाडू उरल्या नाहीत आणि घरची स्पर्धा तिथेच संपली. त्यांची मेहनत कमी पडली होती?

शिवाजी पार्क कट्टा
मी तसं म्हटलेलं नाही. मैदानं कमी आहेत हे मान्य. पण दोष पालिकेचा आहे, क्रिकेटचा नाही. आमच्या पोरांनाही वेळ मिळत नाही.

जुना रेफरी
मैदान हे अर्धंच दुखणं आहे. लीगच्या मॅचेस घेताना मी चांगल्या चांगल्या हाफ, म्हणजे मिडफिल्डच्या पोरी, बघितल्या, लग्न ठरलं की गायब. ज्या टिकल्या त्या नोकरीवाल्या. बंगालची संगीता बासफोर बघा, मिडफिल्डरच, सशस्त्र सीमा बलात नोकरी. ५ जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्या घरी २-१ हरवलं, दोन्ही गोल तिचे, आणि पात्रता फेरी खेळून भारत पहिल्यांदा आशियाई कपला गेला. महिन्याला पगार घरी आला की घरचे "पुरे" म्हणत नाहीत. सासूबाईंना दोष देऊ नका, परळच्या ताई. त्यांना पुढे काही दिसलं असतं तर त्यांनीच डबा भरून दिला असता.

परळची आई
काका, हे पटतं. पण नोकरी लागेपर्यंत खेळायचं कुठे?

सहा नंबर जर्सी
मूळ मुद्दा हाच आहे. फोर्मिगा चाळिशीत खेळत होती कारण तिच्या मागे फळी उभी करण्याची फिकीर तिथल्या संघटनेने वेळेवर केली नाही. तो दोष तिच्या नावावर का टाकायचा? आणि गोलपोस्ट, २०२१ ला पॅरिस सेंट जर्मेनने फ्रेंच लीगमधली लियोंची सलग १४ विजेतेपदांची साखळी तोडली, तेव्हा ४३ वर्षांची फोर्मिगा त्या संघात होती. तिथे कोणाची जागा अडवत होती? त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ब्राझीलमधल्या मानाउसला ती देशासाठी शेवटचं खेळली, तेही आपल्याविरुद्ध. ६-१ हरलो, आपला गोल मनीषा कल्याणचा.

गोलपोस्ट
क्लब पगार देतो, त्याला परवडेल त्याला ठेवतो. देशाच्या संघाचा हिशेब वेगळा. "अडवली" हा शब्द सोडतो, कारण परत बोलावल्याचा मुद्दा खोडता येत नाही. पण तीन फायनल हरलेल्या मिडफिल्डला मी महान म्हणणार नाही. म्हणायला लावूही नका.

हाफटाइम
नका म्हणू. २०२७ चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्येच आहे. त्यांचं मिडफिल्ड कोण सांभाळतंय ते बघू, मग बोलू.

परळची आई
काका, खेळाडूंच्या नोकरीच्या कोट्यासाठी कोणत्या वयापर्यंत ट्रायल घेतात? मुलगी अजून रविवारी खेळते.