शाळा सुटल्यावरचा वेळ कोणाचा? मोडी माझा छंद, पण गाव म्हणतं ते तुमचं कामच

बोरू_आणि_खडू

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. २०२४ च्या भरतीत लागले, अजून शिक्षण सेवक आहे, मानधन महिना १६ हजार. शाळा सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात आणि माझं घर लातूरकडे, त्यामुळे गावातच खोली घेऊन राहते. तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही वर्गांचा पट मिळून तेवीस.

मला मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतल्या लिपीचा नाद आहे. डी.एड. करताना दहा दिवसांचा वर्ग केला होता, तेव्हापासून तो सुटलाच नाही. संध्याकाळी टाचण झालं, भाकरी थापून झाल्या की तासभर बोरू, म्हणजे वेताची लेखणी, घेऊन बसते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्द कुठे संपला हे रेघ सांगत नाही, ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दिवसभर वह्यांमधल्या 'कि' आणि 'की' वर लाल शाई फिरवून आलं की या लिपीत डोकं निवतं.

आमची शाळा जुनी आहे. कपाटाच्या तळाशी दाखल-खारीज रजिस्टर सापडलं, सुरुवातीची पानं मोडीत. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. एक नोंद अशी: वय ९, बापाचा धंदा शेती, शाळा सोडण्याचे कारण 'गुरे राखणे'. त्याच आडनावाचा, त्याच घरातला मुलगा आज माझ्या चौथीत पहिल्या बाकावर बसतो. त्या रात्री मी ते नाव माझ्या वहीत तीन वेळा गिरवलं.

आता मुद्दा. २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरं उघडली. त्यातला पुष्कळ मजकूर मोडीत आहे आणि वाचणारी माणसं मोजकी. मला मोडी येते हे गावात कळलं, मग शेजारच्या गावांत कळलं. पहिले दोन-तीन कागद मी हौसेनं वाचून दिले. आता दर रविवारी दहा-बारा माणसं दारात असतात. कोणाकडे गाव नमुना १४ ची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची झेरॉक्स, कोणाकडे फोनमधला अंधुक फोटो. गेल्या रविवारी साताऱ्याला मैत्रिणीकडे जायचं होतं, पिशवी भरून ठेवली होती. सकाळी सातलाच दारात जीप उभी. मी म्हटलं, "आज जमणार नाही." एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमचा छंदच आहे ना हा? मग नाही कशाला म्हणता?" पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय निघालाच.

माझं मत स्पष्ट आहे. शाळेच्या वेळेत मी पूर्ण शाळेची आहे. संध्याकाळचा तास आणि रविवार माझा. छंद आहे म्हणून त्यावर गावाचा हक्क लागत नाही. तुम्हाला काय वाटतं?

डोंगरकडा

ताई, राग मानू नका, पण दाराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाचंही ऐका. माझ्या धाकट्या भावाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्यामुळे गेला. पणजोबांची नोंद होती. ओबीसी दाखल्याला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, ही त्याच्या कितीतरी आधीची होती, आमच्या हातात होती, पण आमच्यापैकी कोणाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. तालुक्याला तीन खेपा झाल्या. वाचणारा म्हणाला, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात मुदत संपली होती.

तो कागद आई देवघरात ठेवते. वाचता येत नाही, तरी रोज हळद-कुंकू लावते.

तुमच्या हिशेबात तो एक तास आहे. आमच्या घरात एक वर्ष गेलं.

कलम_सत्तावीस

भावाचं वाईट झालं, पण चूक कोणाची ते बघा. मोडी वाचक नेमणं हे शासनाचं काम. ते झालं नाही म्हणून सोळा हजारांवरच्या मुलीनं रविवार द्यायचा?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून कोणतंही अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलं आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत आठवड्याला तयारीसह किमान ४५ तास धरले आहेत. प्रत्यक्षात यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, निरक्षरांचं सर्वेक्षण, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम हे सगळं त्या ४५ च्या वर. मी नऊ वर्षं नोकरीत आहे. मला चित्रं काढता यायची. आता निवडणुकीच्या केंद्रावर पाट्या रंगवायला बोलावतात, घरी ब्रश हातात घेऊन चार वर्षं झाली.

डोंगरकडा

सर, कायदा सरकारला बांधतो. मी सरकार नाही. शेजारी शेजाऱ्याला कागद वाचून देतो त्याला कलम लावायचं नसतं. आमच्याकडे लग्नकार्यात मॅडमना पहिलं ताट वाढतात, तेही कोणत्या कलमात नाही.

निवृत्त_हेडमास्तर

चौतीस वर्षं सेवा केली, सगळी खेड्यात. आमच्या काळी गुरुजी म्हणजे गावाचा लिहिता-वाचता माणूस. मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर आली की तिच्याखालचे चार शब्द मी वाचून दाखवायचो. उत्तर मीच लिहायचो. एका बाईला मुलाच्या अपघाताची तार मी वाचून दाखवली आहे. त्या वेळी माझी ड्यूटी संपली असं म्हणायला हवं होतं का?

साने गुरुजी १९२४ ला अंमळनेरच्या शाळेत लागले आणि १९३० ला सत्याग्रहासाठी बाहेर पडले. त्या सहा वर्षांत छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी हातानं लिहून दैनिक काढलं. शाळा कधी सुटली आणि कधी भरली असा हिशेब त्यांनी केला नाही. बाळ, तुझी लिपी चांगली आहे, तुझा हेतूही चांगला आहे. पण गावानं हक्क सांगितला म्हणजे गावानं तुला आपलं मानलं. हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

बोरू_आणि_खडू

सर, तुमच्याबद्दल आदर आहे आणि ती तार मी विसरणार नाही. तार कोणी आणली तर मीही रात्री बाराला दार उघडेन. पण गुरुजींनी दैनिक स्वतःहून काढलं, त्यांना ते सुचलं म्हणून. जीपमधून कोणी येऊन "तुम्ही लिहिताच ना, मग आमचंही लिहा" असं म्हटलं नव्हतं.

आणि एक गोष्ट खरंच सांगते. गेल्या चार महिन्यांत मी माझ्यासाठी एकही ओळ लिहिलेली नाही. बोरूचं टोक वाळून फुटलं आहे. कागद समोर आला की आता मला आधी जातीचा रकाना दिसतो, अक्षर दिसत नाही.

गौरी_मास्तरीण

इथे कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. एकटी मुलगी भाड्याच्या खोलीत राहते आणि रविवारी तिच्या दारात दहा अनोळखी पुरुष. मी रत्नागिरी जिल्ह्यात अशीच राहत होते. मी हार्मोनियम वाजवायचे, गणपतीत आरत्यांना साथ करायचे. लोक शिकायला येऊ लागले. दोन महिन्यांत घरमालकीण म्हणाली, "बाई, संध्याकाळी माणसं येतात ते बरं दिसत नाही." हक्क सांगायला सगळं गाव होतं. कुजबुज मात्र माझ्या एकटीच्या नावावर. पेटी मी माहेरी ठेवून आले.

शिक्षकानं मुख्यालयी राहावं म्हणून ग्रामसभेचा ठराव मागतात. ठीक आहे, राहतो. पण राहिलेल्या बाईला दार बंद करायची मुभा असावी की नाही, याचाही कधी ठराव करा.

पखवाज

मी उलट अनुभव सांगतो. नगर जिल्ह्यातल्या शाळेत आहे, सहावं वर्ष. आलो तेव्हा खोलीत एकटा तबला वाजवायचो. भजनी मंडळाला कळलं, त्यांनी ओढून नेलं. मला पखवाज येत नव्हता. सत्तरीतल्या एका बाबांनी मांडीवर बोल वाजवून शिकवला, कणीक कशी लावायची ते शिकवलं. डाव्या पुडीला ओली कणीक लावताना ती अंगठ्यानं कडेकडेनं दाबायची, मधे फुगली तर आवाज बसतो. हे मला कोणत्याही वर्गात मिळालं नसतं. सप्ताहात रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी शाळेत ताजा असतो.

छंद दार लावून जपला की तो तेवढाच राहतो. मॅडम, थोडं सैल सोडा.

गौरी_मास्तरीण

दादा, तुमचे बाबा तुम्हाला शिकवायला बसले. मॅडमच्या दारातली माणसं शिकवायला बसत नाहीत, कागद पुढे करतात. भजनात तुम्ही वाजवता आणि बाकीचे गातात, तो सगळ्यांचा मिळून छंद आहे. मॅडमच्या दारात मात्र त्यांचं काम आणि हिची सुट्टी.

दप्तरखाना

जुन्या कागदपत्रांत बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून वेगळी काळजी सांगतो. मॅडम, नाही म्हणा, आणि ते त्या माणसांच्याच भल्यासाठी म्हणा. मोडीत शब्द तोडलेले नसतात. एकाच गावात दोन लेखनिकांचे हात इतके वेगळे असतात की तीच वेलांटी दोन जागी दोन तऱ्हेची दिसते. मी उमेदवारीत 'मानेवाडीकर' हे 'माने वाडीकर' असं वाचलं होतं आणि एका घराण्याचं आडनावच बदललं होतं. ज्येष्ठांनी वेळेत पकडलं. काही नोंदींत जातीचा पूर्ण शब्दही नसतो, नुसतं आद्याक्षर असतं. तिथे घाईत, फोनच्या फोटोवरून काही सांगणं धोक्याचं आहे.

जात पडताळणी समितीपुढे जाणकार वाचकाचं सहीचं लिप्यंतर मागतात. तोंडी वाचून दिलेल्याचा तिथे उपयोग नाही, आणि चुकलं तर नाव मात्र "मॅडमनी सांगितलं" म्हणून तुमचंच येईल. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. गावातल्या दोन पदवीधर मुलांना तिथे पाठवा. तुमच्या रविवारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पाचवीची_आई

मी पालक आहे. मला मोडीचं काही सांगता येत नाही. मला एवढंच कळतं की आमच्या शाळेतल्या सरांकडे कसलाच छंद नाही आणि मुलगी शाळेतून आली की काही सांगत नाही. छंद असलेल्या बाईंच्या वर्गात मुलं काय घेऊन घरी जातात, ते मॅडमनी सांगावं. गावापेक्षा त्या तेवीस मुलांचा हक्क मोठा, असं मला वाटतं. शिष्यवृत्तीचा जादा तासही त्यांना मिळायला हवा.

बोरू_आणि_खडू

ताई, सांगते. चौथीला अपूर्णांक शिकवत होते. पाव आणि अर्धा मिळून पाऊण, हे फळ्यावर कितीदाही गोल कापून दाखवलं तरी चौघा-पाचजणांना पटेना. जुन्या हिशेबांत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. मी फळ्यावर फक्त रेघा काढल्या. त्या पहिल्या बाकावरच्या मुलानं खडू मागितला, एक रेघ काढली, शेजारी दोन काढल्या आणि ओरडला, "मॅडम, तीन झाल्या!" दुपारी खिचडीच्या रांगेत ताटलीवर बोटानं रेघा मारत होता.

हे मी ठरवून केलं नव्हतं. आदल्या रात्री एक जुना जमाखर्च माझ्या आनंदासाठी वाचत बसले होते, तेव्हा सुचलं. तो तास गेला की वर्गातलं हेही जातं, म्हणून भांडते आहे. शिष्यवृत्तीचा तास मी शाळेतच घेते आणि घेत राहीन.

निवृत्त_हेडमास्तर

रेघांचं उदाहरण सुंदर आहे. पण माझं मत बदललेलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे, आपल्याला वाचता येत असताना दार लावणं मला जमलं नसतं.

कलम_सत्तावीस

सर, तुमच्याच काळात, आणीबाणीत, कुटुंब नियोजनाच्या केसेस आणायला शिक्षकांना लावलं होतं. तेही 'गावासाठीच' होतं. एकदा दार उघडं ठेवलं की कोण आत येईल हे आपल्या हातात राहत नाही.

निवृत्त_हेडमास्तर

ते खरं आहे. माझा पगार दोन महिने अडला होता. ती जखम मी मनीऑर्डर आणणाऱ्या म्हातारीवर काढली नाही, एवढंच म्हणतो.

डोंगरकडा

ताई, दप्तरखाना साहेबांचं वाचलं. भावाच्या कागदात तसंच नुसतं अक्षर असेल तर आम्ही इतके दिवस कशाला धरून बसलो होतो, हेच कळेना. तरी मला वाटतं तुम्ही पूर्ण नाही म्हणू नये. पण एक विचारतो. मी बी.ए. झालोय, वय चोवीस, शेती बघतो. मला शिकता येईल का? बोरू कुठे मिळतो?

बोरू_आणि_खडू

भाऊ, येईल. बोरू नंतर. आधी दुरेघी वही आणि साधं शिसपेन पुरे. रोज अर्धा तास दिला तर बाराखडी पंधरा दिवसांत बसते, जोडाक्षरांना वेळ लागतो. लिहिता आलं म्हणून जुना हात लगेच वाचता येत नाही, त्याला कागदच पाहावे लागतात. मी अजून अडखळते.

आज मुख्याध्यापकांशी बोलले. शाळेचं ते रजिस्टर मी पूर्ण लिप्यंतरित करून देणार आहे, माझ्या वेगानं, कारण ते मला करायचंच आहे. खोलीवर कोणाचाही कागद घेणार नाही. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेच्या व्हरांड्यात दोन तास मोडी शिकवीन, ज्याला यायचं त्यानं वही घेऊन यावं. हेडमास्तर सर, हे तुम्हाला कमी वाटेल. मला सध्या एवढंच झेपतं.

डोंगरकडा, तुमचं गाव लांब नसेल तर या. साडेअकराला. देवघरातला कागद आणा, पण निकालाच्या आशेनं नको, अक्षर पाहायला. झेरॉक्स नको. फिकी रेघ झेरॉक्समध्ये उडते.