मदत हवी आहे: दोनपैकी एका अकॉस्टिक रिलीजची पोच येत नाही, मूरिंग पाण्यात सोडावं का?

खारवारा
गोव्यासमोरच्या उतारावर 950 मीटर पाण्यात वर्षभरासाठी प्रवाहमापनाचं मूरिंग (तळाच्या नांगराला बांधलेली, फ्लोटनं ताठ उभी राहणारी उपकरणांची माळ) टाकायचंय, डिसेंबरात. वरून खाली: 300 मीटरवर फ्लोट आणि त्यात वर तोंड केलेला एडीसीपी (ध्वनीनं प्रवाह मोजणारं यंत्र), वायर रोप, 17 इंची काचेचे आठ गोळे, जोडीनं दोन रिलीज (जहाजावरून ध्वनीची आज्ञा मिळाली की हूक उघडून नांगर सोडणारी यंत्रं), साखळी, नायलॉन दोर, नांगर. सीटीडीच्या (खारटपणा, तापमान, खोली मोजायच्या उपकरणाच्या) वायरवर 800 मीटरला चाचणी घेतली. पहिला रिलीज सगळ्या आज्ञांना पोच देतो. दुसरा अंतर बरोबर सांगतो, पण सोडायची आज्ञा दिली की गप्प. एक चालतोय म्हणून पुढे जावं का? नांगर म्हणून 700 किलोचा काँक्रीटचा ठोकळा आहे, पुरेल ना?

दर्याखोल
वर आल्यावर हूक उघडा होता की बंद? सगळं त्यावर आहे. उघडा असेल तर आज्ञा पोचली, मोटर फिरली, फक्त उत्तर ऐकू आलं नाही. मग दोष बहुधा जहाजाच्या आवाजाचा. प्रोपेलर आणि बो थ्रस्टर (जहाजाच्या पुढच्या टोकाचा आडवा पंखा) थांबवा, 12 किलोहर्ट्झचा इको साउंडर बंद करा (रिलीजही त्याच पट्ट्यात बोलतात), डेक युनिटचा (जहाजावरून रिलीजशी बोलणाऱ्या यंत्राचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा-ऐकणारा भाग, जहाजाच्या तळाखाली 10 मीटर तरी उतरवा. हूक बंदच असेल तर तो रिलीज किनाऱ्यावर ठेवा. जोडी लावायची ती एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. आधीच एकावर आलात तर जोडीला अर्थ काय?

चाचणीत हुकाला 20-30 किलो वजन लावा, वेगळ्या ढिल्या दोरानं बांधून. रिकामा हूक उघडला म्हणजे भाराखाली उघडेलच असं नाही.

नांगरवाला
700 किलो काँक्रीट पाण्यात जेमतेम 400 भरतं, कारण काँक्रीट चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गमावतं. लोखंड 13 टक्के. हिशेब असा: नांगराचं पाण्यातलं वजन = 1.5 × (उभा ओढ + आडवा ओढ ÷ 0.6). तुमचा उभा ओढ 320 आणि आडवा 60 किलो धरला तर 630 किलो. म्हणजे हवेत लोखंड 725 किंवा काँक्रीट 1100 च्या आसपास. रेल्वेची भंगार चाकं बरी पडतात, मात्र काट्यावर तोलूनच घ्या, झिजलेली असतात.

आठ गोळे म्हणजे साधारण 200 किलो उचल. ट्रॉलरनं वरचा फ्लोट तोडला तरी एवढ्यात दोन्ही रिलीज, साखळी आणि लोंबणारी वायर वर आली पाहिजे. ही बेरीज वेगळी करून बघा.

दर्याखोल
एक राहिलं. दोन्ही हुकांना जोडणारी साखळी कुठलंही एक टोक सुटलं की मधल्या रिंगमधून सरकन निघून गेली पाहिजे. तिथे शॅकल (पिन घालून बंद करायची धातूची कडी) ठेवलं तर पिन रिंगेत अडकते. मग रिलीज 'सुटलो' म्हणतो आणि मूरिंग तळाशीच बसतं. हातानं ओढून बघा. स्टेनलेसच्या चौकटीला गॅल्व्हनाइज्ड शॅकल थेट लावू नका, वर्षभरात शॅकल खाल्लं जातं. मध्ये प्लास्टिकचं बुश, जवळ जस्ताचा अ‍ॅनोड (आधी स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा).

खारवारा
हूक उघडाच होता, आणि इको साउंडर चालू होता. उद्या तो बंद करून परत उतरवतो. नांगर बदलतो. सोडायचा कुठे, नेमक्या जागेवर?

नांगरवाला
नाही, पुढे जाऊन. फ्लोट आधी, नांगर शेवटी. तो पडताना मागे ओढला जातो, खोलीच्या 5 ते 10 टक्के, म्हणजे तुमच्याकडे 50 ते 95 मीटर. डिसेंबरात तिथे प्रवाह उत्तरेला आणि वारा बहुधा उत्तरेकडून, तेव्हा अंदाज बांधू नका: इंजिन थांबवा, जहाज कुठे वाहतं ते बघा आणि त्याच्या उलट एक-दीड नॉटनं चला. नंतर तीन बाजूंनी अंतर घ्या. तिरकं अंतर 1300 आणि ट्रान्सड्यूसरपासून रिलीजपर्यंतची खोली 930 असेल तर आडवं 900 मीटर. तीन वर्तुळं जिथे छेदतील तिथे नांगर. निघण्याआधी रिलीज उभा असल्याची खूण देतो का तेही विचारून घ्या.