सल्ला हवा: महिनोन्महिने बंद असलेल्या संगणकांना सगळी अपडेट्स क्रमाने द्यायची की फक्त शेवटचं?

अभ्यासिका_मुलुंड

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमच्या वाचनालयाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं येतात, त्यांच्यासाठी आठ संगणक ठेवले आहेत. इमारतीच्या दुरुस्तीमुळे पावसाळाभर खोली बंद होती, ती आता उघडली. सात संगणकांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आहे, एका जुन्यावर विंडोज १०. अपडेट्स साचली आहेत, आणि इंटरनेट म्हणजे सिमकार्डावर चालणारा एक वायफाय राऊटर, तोही रोजच्या डेटाच्या मर्यादेत.

आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, दर महिन्याचं अपडेट क्रमाने टाका, मधलं एक सुटलं तर पुढचं बसणार नाही. दुसरे म्हणतात, शेवटचं टाकलं की काम झालं. दोघंही ठाम आहेत. मुलं याच संगणकांवरून अर्ज भरतात, आधार आणि पॅनच्या प्रती चढवतात, म्हणून सुरक्षेत ढिलाई नको आहे. पेन ड्राइव्हवर एकदाच उतरवून सगळीकडे टाकता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

परळकर

ताई, तुमच्या विंडोज ११ साठी शेवटचं पुरे. पण सभासदांचं म्हणणंही हवेतलं नाही, ते जुन्या विंडोजच्या अनुभवावरून बोलत असणार.

विंडोज ७ च्या काळात प्रत्येक दुरुस्तीचं स्वतंत्र पॅकेज यायचं. २०११ चा सर्व्हिस पॅक १ टाकून संगणक नव्याने उभा केला की पुढची अपडेट्स ढिगाने उतरायची, मध्ये रीस्टार्ट, मग आणखी ढीग. कोणी एखादं गाळायचं, कोणी दुसरं. त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या दोन संगणकांची आतली स्थिती वेगळी असायची, आणि एवढी वेगवेगळी मिश्रणं तपासून पाहणं कोणालाच शक्य नव्हतं. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ साठी दोन वाटा केल्या. 'मंथली रोलअप'मध्ये मागच्या रोलअप्सचंही सगळं असायचं. 'सिक्युरिटी ओन्ली'मध्ये मात्र फक्त त्या महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या, म्हणजे एक महिना चुकला तर ते भोक तसंच राहायचं. तिथे क्रमाने सगळं टाकणं भागच होतं.

विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, महिन्याचं मुख्य अपडेट क्युम्युलेटिव्ह, म्हणजे मागचं सगळं पोटात घेऊन येणारं, असतं. बँकेच्या पासबुकासारखं समजा: चार महिने गेलात नाहीत तरी पाचव्या महिन्यात सगळ्या राहिलेल्या नोंदी एकदम छापून मिळतात.

आता अपडेट हिस्टरी उघडा आणि नाव नीट वाचा. 'क्युम्युलेटिव्ह अपडेट फॉर विंडोज ११, व्हर्जन २४एच२ फॉर एक्स६४-बेस्ड सिस्टीम्स' असं काहीतरी दिसेल. यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे. 'मागचं सगळं' म्हणजे त्याच आवृत्तीचं मागचं सगळं. २३एच२ चं अपडेट २४एच२ वर बसत नाही, आणि एक्स६४ चं, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरचं, एआरएम नावाच्या वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरच्या यंत्रावर बसत नाही. डॉट नेटची (काही प्रोग्राम ज्याच्यावर चालतात तो विंडोजचा घटक) क्युम्युलेटिव्ह अपडेट्स वेगळी येतात, ड्रायव्हर आणि डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या व्याख्या वेगळ्या. त्यामुळे 'एकच टाकलं, तरी यादीत आणखी तीन दिसतात' म्हणून घाबरू नका.

नीलपेन

परळकरांना +१, पण २४एच२ बद्दल एक भर घालते, कारण पेन ड्राइव्हने टाकताना नेमकी इथेच गाडी अडते.

२४एच२ पासून 'चेकपॉइंट' पद्धत आली. सप्टेंबर २०२४ चं केबी ५०४३०८० (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट क्रमांक), बिल्ड (आवृत्तीचा आतला क्रमांक) २६१००.१७४२, हा पहिला चेकपॉइंट. त्यानंतरच्या अपडेटच्या फाईलमध्ये त्या टप्प्यापासून पुढचे बदल असतात. म्हणजे मधले महिने गाळले तरी चालतं, पण खालचा टप्पा मात्र हवा. म्हणून 'इन्क्रिमेंटल (फक्त नवे बदल) की क्युम्युलेटिव्ह' या वादापेक्षा मी नेहमी एकच गोष्ट विचारते: ही फाईल कोणत्या पायावर बसते? अगदी मागच्या बिल्डवरच, एखाद्या ठरलेल्या टप्प्यावर, की त्या आवृत्तीच्या कुठल्याही बिल्डवर? याचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप सुटतं.

तुमच्यासाठी: प्रत्येक संगणकावर विंडोज आणि R या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या 'रन' चौकटीत विनव्हर (winver) टाइप करा. २६१०० नंतरच्या टिंबापुढचा आकडा १७४२ किंवा जास्त असेल तर तो चेकपॉइंट बसलेला आहे, त्याची फाईल पुन्हा लागत नाही. आकडा कमी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून दिसतील त्या सगळ्या एमएसयू (अपडेटच्या) फाईली एकाच फोल्डरमध्ये उतरवा आणि डीआयएसएमला (विंडोजचं कमांडवर चालणारं साधन) सर्वांत नव्या फाईलचा पत्ता द्या, लागणारी जुनी ते त्याच फोल्डरमधून उचलतं.

पण खरं सांगू का, तुमच्या जागी मी पेन ड्राइव्हच्या वाटेला जाणार नाही. कॅटलॉगमधली पूर्ण फाईल काही जीबींची असते. विंडोज अपडेट मात्र तुमच्या संगणकावर काय आहे ते पाहून लागणारा भागच उतरवतं. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, ते सातही ठिकाणी सुरू करा आणि फक्त स्थानिक नेटवर्कमधले संगणक निवडा. आधी एकाच संगणकाला अपडेट करू द्या. बाकीचे बराचसा भाग त्याच्याकडूनच घेतील. कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मर्यादित डेटाचं, असं लावलं असेल तर तेवढ्यापुरतं काढा.

परळकर

डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन माझ्याकडून राहिलंच होतं, हाच उत्तम मार्ग.

क्युम्युलेटिव्हची एक किंमत आहे, तीही माहीत हवी. त्यातली एखादी नको असलेली दुरुस्ती वगळता येत नाही, घेतलं तर सगळं घ्यायचं, काढलं तर सगळं काढायचं. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून प्रिंटरचे ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं, पण सामायिक प्रिंटर असलेल्या कार्यालयांची कामं खोळंबली, आणि अपडेटमधून तेवढाच बदल वगळता येत नव्हता. म्हणून पहिल्या संगणकावर अपडेट झालं की एक हॉल तिकीट छापून बघा, स्कॅनर चालवा, अर्जाचं संकेतस्थळ उघडा. मग बाकीचे.

मुख्य अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. तुम्ही त्या आठवड्याचा शनिवार धरा. महिनाअखेर 'प्रीव्ह्यू' म्हणून दिसणारं ऐच्छिक असतं. ते अभ्यासिकेत नको, त्यातलं पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये येतंच.

दादर_पश्चिम

विंडोजमधलं कळत नाही, पण फोनवर हाच घोळ पाहिला आहे. अँड्रॉइडचं 'इन्क्रिमेंटल' ओटीए (फोनवर थेट उतरणारं अपडेट) एका ठराविक बिल्डवरून दुसऱ्या ठराविक बिल्डवर नेतं. खालची सिस्टीम जशीच्या तशी नसेल, उदाहरणार्थ फोन रूट करून (सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवून) सिस्टीम विभागात फेरफार केले असतील, तर ते तपासणीतच थांबतं. तेव्हा पूर्ण ओटीए लागतं. आणि पॅकेज छोटं म्हणून सुरक्षा अर्धवट असा अर्थ नाही. सेटिंग्जमध्ये दिसणारी सिक्युरिटी पॅचची तारीख म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या धरलेल्या असतात.

प्रभादेवी_डीटीपी

आमच्याकडे दिवाळी अंकांची मांडणी जुन्या आयमॅकवर चालते, तिथे छोट्या आणि पूर्ण अपडेटची ही जोडी उघडच दिसायची. मोहावे या मॅकओएस आवृत्तीचं १०.१४.६ साधं अपडेट १०.१४.५ वरच बसायचं, 'कॉम्बो' मात्र १०.१४ च्या कुठल्याही टप्प्यावर. आकाराने मोठं, पण अडलेलं यंत्र त्यानेच सुटायचं. २०२० च्या बिग सुर या आवृत्तीपासून कॉम्बो बंद झालं, याची मला आजही चुटपुट आहे.

अभ्यासिका_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. सातही संगणकांचे आकडे १७४२ च्या वरच होते. सांगितल्याप्रमाणे आधी खिडकीजवळचा एक केला, त्यावर प्रिंट आणि स्कॅन तपासलं, मग बाकीचे सोडले. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधला ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून पाहिला तर दुसऱ्या संगणकाने बहुतेक भाग स्थानिक नेटवर्कवरूनच घेतला होता. सभासद काकांना विंडोज ७ चा इतिहास वाचून दाखवला, ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी!"

विंडोज १० वाल्याचं काय करू? प्रोसेसर जुना आहे, ११ घेत नाही.

टर्मिनल_ठाणे

विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तोवरचं शेवटचं क्युम्युलेटिव्ह टाकून ठेवलं, तरी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत (ईएसयू) नोंदणी नसेल तर नव्या भोकांना बूच मिळणार नाही. त्या संगणकावर आधार-पॅन चढवू देऊ नका.

माझ्या मते त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाका. तिथे प्रत्येक पॅकेजची (सॉफ्टवेअरच्या भागाची) नवी आवृत्ती पूर्ण उतरते, मधल्या आवृत्त्या घ्याव्या लागत नाहीत, त्यामुळे चार महिने बंद राहिला तरी एकाच फेरीत सगळं जागेवर येतं. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही मिळतो.

मी ठाण्याला राहतो, तुमच्यापासून एकच स्टेशन. रविवारी खोली उघडी ठेवणार असाल तर बूटेबल (ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा) पेन ड्राइव्ह घेऊन येतो. त्याआधी त्या संगणकावरच्या मुलांच्या फाईली दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि प्रिंटरचं मॉडेल इथे लिहा, लिनक्सवर चालतो का ते आधीच बघून ठेवतो.