मदत हवी आहे: प्रोग्राम आधीच चालू आहे का, आणि कोणाच्या लॉगइनमध्ये, हे बॅच फाइलमधून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

बाजार समितीच्या आवारातल्या एका भुईकाट्याच्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे आहे. विंडोज १० प्रो आहे. काट्याच्या इंडिकेटरमधून आरएस-२३२ ची केबल कॉम पोर्टला येते आणि वजनाचा प्रोग्राम तिथून आकडा उचलतो. हा पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडला तर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं आणि त्या खिडकीत वजन उमटतच नाही.

कांद्याचा लिलाव झाला की भरलेला ट्रॅक्टर काट्यावर येतो, खळ्यावर माल खाली होतो, मग रिकामा ट्रॅक्टर परत काट्यावर. दोन वजनांच्या फरकावर काटापट्टी निघते. मधेच प्रोग्राम अडला तर हिशोबपट्टी अडते, शेतकऱ्याचे पैसे अडतात, आणि ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर भाडं चढत राहतं. मागे उन्हात रांग उभी असते ती वेगळीच. म्हणून हे मला कायमचं मार्गी लावायचं आहे.

प्रोग्राम उघडायला वेळ लागतो, त्यामुळे ऑपरेटर आयकॉनवर पुन्हा क्लिक करतात. त्यावर उपाय म्हणून आयकॉनला थेट प्रोग्राम न जोडता ही बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीनं लिहिलेली फाइल) जोडली. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत:

टास्कलिस्ट /एफआय "इमेजनेम ईक्यू काटा.ईएक्सई" /एनएच | फाइंड /आय "काटा.ईएक्सई" >नल
इफ एररलेव्हल १ (स्टार्ट "" "सी:\काटा\काटा.ईएक्सई") एल्स (एको प्रोग्राम आधीच चालू आहे & पॉझ)

टास्कलिस्ट म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी देणारी आज्ञा, आणि फाइंड त्या यादीत नाव शोधते. फाइंड लावावंच लागतं, कारण टास्कलिस्टला काही सापडलं नाही तरी ती फक्त 'इन्फो' अशी एक ओळ छापते आणि एररलेव्हल (आज्ञेचा निकाल सांगणारा आकडा) शून्यच ठेवते. सापडलं की नाही हे फाइंड सांगतं: सापडलं तर ०, नाही तर १. स्टार्टनंतरची रिकामी अवतरणचिन्हंही हवीतच, नाहीतर अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजला जातो.

इथपर्यंत सगळं नीट चालतं. खरी अडचण पाळी बदलताना येते. सकाळचा ऑपरेटर साइन आउट न करता 'स्विच यूजर' करून जातो. त्याचा प्रोग्राम त्याच्या सेशनमध्ये (म्हणजे त्याच्या लॉगइनमध्ये) चालूच राहतो आणि पोर्टही धरून ठेवतो. दुपारचा ऑपरेटर आयकॉन दाबतो तेव्हा टास्कलिस्ट सगळ्या यूजरच्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) बघते, म्हणून बॅच सांगते 'आधीच चालू आहे'. म्हणणं खरंच आहे, पण त्याच्या स्क्रीनवर खिडकी कुठेच नाही! मग तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो, आणि पहिलं वजन घेऊन अर्ध्यावर असलेली नोंद गेली की ट्रॅक्टर शोधत खळ्यावर जावं लागतं.

टास्ककिल या प्रोग्राम बंद करणाऱ्या आज्ञेला /एफ लावून जबरदस्तीनं बंद करणं याच कारणानं नको आहे. शिवाय दुसऱ्या यूजरची प्रोसेस मारायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, ते ऑपरेटरांना द्यायचे नाहीत. सुरू होताना एक खुणेची फाइल तयार करायची आणि बंद होताना पुसायची, हाही मार्ग आहे, पण आमच्याकडे वीज केव्हाही जाते. फाइल तशीच राहिली तर पुढे प्रोग्राम उघडणारच नाही.

तर 'माझ्याच सेशनमध्ये चालू' आणि 'दुसऱ्याच्या सेशनमध्ये चालू' यांतला फरक बॅचमध्येच कसा ओळखू? आणि माझ्याच सेशनमध्ये असेल तर नुसता निरोप दाखवण्याऐवजी ती खिडकी पुढे आणता येईल का?

प्रतिसाद १

टास्कलिस्टला एकापेक्षा जास्त फिल्टर चालतात. तुमच्या ओळीत आणखी एक घाला: /एफआय "यूजरनेम ईक्यू %यूजरनेम%". क्रम असा ठेवा: आधी या फिल्टरसह बघा. सापडलं तर प्रोग्राम त्याच ऑपरेटरचा आहे. नाही सापडलं तर फिल्टर काढून पुन्हा बघा. आता सापडलं तर तो दुसऱ्याच्या लॉगइनमध्ये अडकलाय, तेव्हा 'आधीच्या ऑपरेटरला नोंद पूर्ण करून साइन आउट करायला सांगा' असा स्पष्ट निरोप द्या. दोन्ही वेळा नाही सापडलं तरच स्टार्ट.

तीन फाटे झाले की कंस एकात एक जातील. तिथे %एररलेव्हल% वापरू नका. कंसातला अख्खा मजकूर आधी वाचला जातो आणि किंमत तेव्हाच भरली जाते, त्यामुळे जुनाच आकडा मिळतो. तुम्ही वापरलंय तसं 'इफ एररलेव्हल १' ठेवा, किंवा सरळ गोटू (फाइलमधल्या नाव दिलेल्या ओळीवर, म्हणजे लेबलवर, उडी मारणारी आज्ञा) वापरून लेबलांवर जा. भुईकाट्याच्या कामाला गोटूच बरं, पुढे दुसऱ्या कोणाला फाइल वाचायची झाली तर कळते.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. प्रोग्रामचं खरं नाव लांबलचक असेल तर टास्कलिस्टच्या तक्त्यात पहिली २५ अक्षरंच येतात. मग फाइंडला पूर्ण नाव कधीच सापडत नाही आणि बॅच दर वेळी नवा प्रोग्राम उघडते. /एफओ सीएसव्ही (तक्त्याऐवजी स्वल्पविरामांनी वेगळी केलेली यादी) लावलं की नाव पूर्ण येतं.

पण मूळ दुखणं 'स्विच यूजर' हेच आहे. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये (विंडोजचे नियम ठरवायची जागा) 'हाइड एंट्री पॉइंट्स फॉर फास्ट यूजर स्विचिंग' नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की तो पर्याय लॉगइनच्या पडद्यावरून आणि स्टार्ट मेन्यूतून जातो. समितीच्या लोकांना आधी कल्पना द्या, एवढंच.

खिडकी पुढे आणणं निव्वळ बॅचमध्ये होत नाही. बॅचमधून पॉवरशेल (विंडोजमधलीच जास्त ताकदीची आज्ञा-भाषा) बोलवा आणि त्यात डब्ल्यूस्क्रिप्ट.शेलचं अ‍ॅपअ‍ॅक्टिव्हेट वापरा, त्याला खिडकीचं शीर्षक द्यायचं. खिडकी मिनिमाइझ केलेली असेल तर मात्र ते तिला उघडत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तीन फाट्यांची फाइल गोटू वापरून लिहिली आणि दोन लॉगइन करून तपासली. दुसऱ्याच्या सेशनमधला प्रोग्राम बरोबर ओळखला जातो आणि निरोपही येतो. आमच्या प्रोग्रामचं नाव छोटं आहे, तरी सीएसव्ही लावून ठेवलंय. पॉलिसीबद्दल समितीच्या सचिवांशी बोलतोय.

मिनिमाइझचा प्रश्न तेवढा उरलाय. आमचे ऑपरेटर मधल्या वेळात भाव बघायला खिडकी खाली करतातच. पॉवरशेलमधून ती पुन्हा उघडण्याचा मार्ग कोणी वापरला असेल तर ओळी इथे द्या, लगेच लावून बघतो.