आईसाठी ई-रीडर कुठला घ्यायचा? (ग्रुप : आपले सगळे)

रोहिणी: सगळ्यांना नमस्कार. जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. काल रात्री परत तेच झालं. आई वाचता वाचता झोपल्या, ते जाडजूड पुस्तक छातीवर, चष्मा खांद्याखाली जाऊन काडी तुटली आणि ट्यूबलाइट सकाळपर्यंत चालू. आर्या त्याच खोलीत झोपते, तिचं दहावीचं वर्ष आहे, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपते बिचारी. आईंना वाचू नका असं मी कधीच म्हणणार नाही, पण काहीतरी सोय करायलाच पाहिजे. वाढदिवसाला ते वाचायचं मशीन घ्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्याचं पुढे काय झालं?

नंदा मावशी: अगं बाई. ऑपरेशननंतरचा नवीन चष्मा ना तो?

रोहिणी: हो मावशी, तोच.

श्रीकांत: मी पाठवलेला टॅब आहे ना घरात? त्यात वाचता येतं सगळं. कुठे आहे तो?

मिलिंद: आहे दादा. कपाटात.

श्रीकांत: कपाटात ठेवायला पाठवला होता का?

मेघा: दादा, आईने वापरला होता सुरुवातीला. आडवं पडून तो अर्ध्या किलोचा टॅब तोंडासमोर धरून बघ, मनगट भरून येतं. शिवाय ह्याच ग्रुपचे मेसेज वरून टपकत राहतात, वाचन बाजूलाच.

मोहन काका: *महत्त्वाची सूचना* झोपण्याआधी ई-रीडरवर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागते असे अमेरिकेतील संशोधनात सिद्ध झाले आहे. निळ्या प्रकाशाने झोपेचे हार्मोन कमी होते. कागदी पुस्तकच वाचा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा. 🙏

श्रीकांत: काका, म्हणूनच म्हणतोय, नवीन काही घेऊ नका, टॅबमध्ये नाइट मोड असतो.

ओंकार: मोहन आजोबा, हे संशोधन खरं आहे पण फॉरवर्डमध्ये अर्धीच गोष्ट आलीय. बोस्टनच्या हॉस्पिटलमधल्या लोकांनी केलेला प्रयोग आहे, २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. १२ जण होते, त्यांना झोपायच्या आधी सलग ४ तास वाचायला दिलं, काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री आयपॅड, तोही पूर्ण ब्राइटनेसवर. आयपॅडवाल्या रात्री झोप लागायला साधारण १० मिनिटं जास्त लागली आणि मेलाटोनिन, म्हणजे ते झोपेचं हार्मोन, निम्म्याहून खाली आलं. म्हणजे ज्याला ते ई-रीडर म्हणत होते तो टॅबच होता. श्रीमामा, सॉरी, पण तो फॉरवर्ड टॅबच्या विरोधात जातो 🙂

मिलिंद: 😄

श्रीकांत: सॉरी काय त्यात. पण स्क्रीन ती स्क्रीनच ना शेवटी.

ओंकार: नाही मामा, इथेच फरक आहे. टॅबच्या स्क्रीनला मागून लाइट असतो, तो थेट डोळ्यात येतो. किंडल किंवा कोबो ह्या ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात बारीक कॅप्सूलमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेच्या चार्जने वरखाली होतात आणि अक्षर उमटतं. पान उलटतानाच वीज लागते म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे जाते. आणि अंधारात वाचायला जे दिवे असतात ते कडेला असतात, त्यांचा उजेड पानावर पडतो आणि तिथून आपल्याकडे येतो, कागदावर दिवा धरल्यासारखा. अगदी कमी करून ठेवला तर शेजारच्या खाटेवर जाणवतही नाही.

आर्या: मला मध्ये घेऊ नका कोणी. मला आजीचा लाइट चालतो.

रोहिणी: फोन ठेव आणि अभ्यासाला बस.

नंदा मावशी: ताईचं हे लहानपणापासूनचं आहे. माळ्यावर कंदील नेऊन वाचायची, शेवटी आमच्या वडिलांनी कंदिलातलं रॉकेल काढून ठेवलं तर हिने देवघरातलं निरांजन नेलं. रोहिणी, तू बंद करशील हे विसर.

मेघा: हो आणि आजी ओरडली तर पोथी वाचतेय म्हणून सांगितलं होतं ना 😂

नंदा मावशी: पोथीच्या आत कादंबरी. बरं मेघा, भाजणी पाठवली आहे मिलिंदकडे, पोचली का?

मेघा: पोचली मावशी, पण मिलिंदकडेच आहे अजून.

मिलिंद: शनिवारी ये आणि घेऊन जा. आता विषयावर येऊया का? ओंकार, सरळ सांग कुठला घ्यायचा.

मोहन काका: झोपण्याआधी कुठलाही स्क्रीन नको असे डॉक्टरही सांगतात. पुस्तक ते पुस्तक.

ओंकार: मामा, साधा किंडल ६ इंची आहे, १५८ ग्रॅम, एका हातात सहज राहतो, अक्षरं महागड्या मॉडेलइतकीच स्पष्ट. पण त्याचा लाइट पांढराच, पिवळसर करता येत नाही. किंडलचंच पेपरव्हाइट मॉडेल ७ इंची, २११ ग्रॅम, त्यात लाइट उबदार करता येतो, हळूहळू नारिंगीकडे नेता येतो. किंमत १७ हजारांच्या आसपास. आजीचं मोतीबिंदूचं झालंय म्हणून मी पेपरव्हाइट म्हणेन. मूळची भिंग वयाने पिवळी झालेली असते, ती काढून स्वच्छ भिंग बसवली की पांढरा प्रकाश एकदम निळसर आणि टोचरा वाटायला लागतो. ट्यूबलाइट डोळ्याला लागते असं आजी मध्यंतरी म्हणतच होती.

रोहिणी: हे बरोबर आहे. ऑपरेशननंतर त्या मला म्हणाल्या होत्या की भिंतीचा रंग बदललास का.

श्रीकांत: १७ हजार??? वाचायला? इथे सेलमध्ये त्याहून स्वस्त मिळतो, मीच पाठवतो. किंवा कोबो पाठवतो, त्यात पान उलटायला बटणं असलेलं मॉडेल आहे.

मिलिंद: दादा तू पाठवतोस आणि मग इथे...

मिलिंद: _हा मेसेज डिलीट करण्यात आला_

श्रीकांत: वाचला मी. बोल ना पूर्ण. मी इतक्या लांब बसून पाठवण्याशिवाय दुसरं काय करू शकतो ते सांग मला.

रोहिणी: भाऊजी, तुम्ही आठवणीने पाठवता त्याची किंमत आम्हाला आहेच, ह्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण एरवी रात्री दीडला उठून लाइट बंद करायला मी जाते, चष्म्याच्या दुकानातही मीच जाणार. म्हणून यावेळेला आधी विचारून मग घेऊया एवढंच.

श्रीकांत: ठीक आहे.

मेघा: दादा, तुझं ठीक आहे म्हणजे ठीक नसतं हे आम्हाला माहितीय. रागावू नको. आणि बटणांचा मुद्दा चांगला आहे खरं तर, आईची बोटं आता थरथरतात, स्क्रीनला चुकून हात लागला की पान पुढे जातं. माझ्याकडे किंडल आहे त्यात डाव्या कडेला टेकवलं की मागे, बाकी कुठेही टेकवलं की पुढे, आणि वरच्या बाजूला लागला हात की मेनू उघडतो. आईला हे जमेल का ते तिच्या हातात देऊनच कळेल.

ओंकार: बटणवाला कोबो मलाही आवडतो. पण बिघडला तर दुरुस्तीला परत श्रीमामाकडे पाठवायला लागेल. आणि मुख्य म्हणजे आजी वाचते मराठी. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून रीतसर मिळतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. श्रीमामा, तुम्ही तिकडून किंडल घेतलात तरी चालेल, फक्त अ‍ॅमेझॉनचं अकाउंट भारतातलं जोडायचं म्हणजे इथल्या दुकानातली मराठी पुस्तकं इथल्या किमतीत घेता येतील. आणि तिकडे जाहिरातीवालं स्वस्त मॉडेल असतं, बंद असताना पडद्यावर जाहिरात दिसते, ते नका घेऊ.

मोहन काका: माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये दोनशे मराठी पुस्तके आहेत. पीडीएफ. वहिनींच्या मशीनमध्ये टाकून देतो, एक पैसा खर्च नाही.

मेघा: काका, मघाशी स्क्रीनच नको होता ना?

मोहन काका: ते झोपेचे सांगितले. मशीन घेणारच असाल तर उपयोग झाला पाहिजे.

ओंकार: आजोबा, त्यातली बहुतेक स्कॅन केलेली असणार, म्हणजे पानाचा फोटो. ६-७ इंची पडद्यावर अख्खं पान मावतं पण अक्षर मुंगीएवढं होतं आणि मोठं करता येत नाही, कारण त्याच्यासाठी ते अक्षर नसून चित्र आहे. झूम करून पान इकडेतिकडे सरकवत रात्री कोण वाचणार? ईपब (ई-पुस्तकांसाठीचाच प्रकार) फाइल असेल तर उत्तम, किंडलला मेलने पाठवता येते, अक्षर हवं तसं वाढतं.

मेघा: आणि काका, खरं सांगू का, त्यातली बरीचशी चोरीचीच फिरत असतात. आधीच मराठी पुस्तकाची आवृत्ती छोटी निघते, लेखकाला त्यातून काय मिळतं ते सगळ्यांना माहितीय. फुकटच हवं असेल तर राज्य साहित्य संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं स्वतःच वेबसाइटवर ठेवलीत, ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने देतं. तीही बरीचशी पीडीएफच आहेत, ती दिवसा त्या टॅबवर वाचावी.

श्रीकांत: म्हणजे टॅब लागतोच.

मेघा: हो दादा, लागतो. दिवसा.

मिलिंद: बुकगंगावर आईसाठी मी काही ई-पुस्तकं घेतली होती, ती किंडलवर जातील का?

ओंकार: नाही मामा, ती त्यांच्या अ‍ॅपमध्येच उघडतात. अँड्रॉइडवाले ई-इंक रीडर असतात, बूक्स नावाचे, त्यात अ‍ॅप टाकता येतं. पण ते आणखी महाग आणि सेटिंग्ज फार, रात्री काहीतरी अडकलं की आजी आर्याला उठवणार.

मोहन काका: *महत्त्वाची सूचना* झोपण्याआधी ई-रीडरवर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागते असे अमेरिकेतील संशोधनात सिद्ध झाले आहे...

मिलिंद: काका ते आलंय एकदा.

मोहन काका: ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी.

आई: मी सकाळपासून सगळं वाचते आहे. मला कोणी काही विचारलं नाही म्हणून गप्प होते.

आई: रोहिणी काडीचं मी दुपारी जाऊन करून आणलं. तू परत जाऊ नको

रोहिणी: आई उन्हात कशाला गेलात 🤦

आई: आता माझे प्रश्न. ओंकार उत्तर दे. एक म्हणजे मी ग्रंथ संग्रहालय सोडणार नाही. १८९३ पासूनची संस्था आहे ती आणि माझी तिथली बसायची जागा ठरलेली आहे. तिथून जी पुस्तकं आणते ती ह्या मशीनमध्ये असतात का

ओंकार: सगळी नाही आजी. जुनी, आता छापत नाहीत अशी तर फारच कमी. नवीन आणि सतत खपणारी बरीच मिळतात. तू असं कर, तुला वाचायच्या पुस्तकांची एक यादी दे. मी टॅबवर किंडलचं अ‍ॅप टाकून शोधतो कुठली आहेत, सुरुवातीची काही पानं फुकट उतरवता येतात ती वाचून बघ. यादीतली निम्मी जरी मिळाली तरी घ्यायला अर्थ आहे, चारच मिळाली तर १७ हजार घालू नका असंच मी सांगेन.

आई: बरं. दुसरं विकत घेतलेलं पुस्तक माझं झालं की नंदाला वाचायला देता येईल ना

ओंकार: नाही आजी. ते वाचायचा फक्त परवाना असतो. देता येत नाही, विकता येत नाही. आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून तरी ठेवता यायचं, २०२५ च्या फेब्रुवारीत तेही बंद केलं.

नंदा मावशी: मग माझं कसं व्हायचं? मी तर ताईच्याच पुस्तकांवर जगते.

आई: मग जे ठेवायचं जे द्यायचं ते मी कागदावरच घेणार. आणि रात्रीसाठी वाचून सोडून द्यायचं ते त्यात. रहस्यकथा प्रवासवर्णनं वगैरे. हे मला पटतं

मेघा: आई, हे भारी काढलंस. आणि संग्रहालयाचं पुस्तक रात्री वाचायचं असेल तेव्हा पुस्तकालाच चिमट्याने लावायचा छोटा दिवा मिळतो, पिवळ्या उजेडाचा घ्यायचा. काही शेकड्यात येतो. तो आजच मागवते, मशीनचं ठरेपर्यंत ट्यूबलाइट तरी बंद होईल.

रोहिणी: मेघाताई खरंच मागवा. 🙏

आई: तिसरं. कुशीवर झोपून एका हातात धरता आलं पाहिजे. मला डाव्या कुशीवरच झोप लागते. आणि हातातून पडलं तर

ओंकार: कव्हर घालायचं, त्याने वजन थोडं वाढतं. झोप लागली तर पडदा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो आणि पुढच्या वेळी त्याच पानावर उघडतो. खूण घालायला नको.

आई: दिवाळी अंक

ओंकार: ते बहुतेक बुकगंगाच्या अ‍ॅपवर, म्हणजे टॅबवर. आणि दिवाळी अंकाचं पान मोठं असतं, चित्रं रंगीत, ते ह्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बघण्यात मजा नाही.

आई: मग ते कागदाचेच येऊ देत. श्रीकांत तुझा टॅब मी काढते कपाटातून. पण रात्री नाही.

श्रीकांत: काढ आई. सकाळी व्हिडिओ कॉल कर त्यावरून, मोठं दिसतं. मिल्या, पेपरव्हाइटच ठरला तर पैसे मी देतो, इथून पाठवत बसत नाही, तिथेच घ्या म्हणजे बिघडला तर तिथेच बघतील.

मिलिंद: तिघांत करू दादा. तसंच ठरलं होतं.

श्रीकांत: बरं, तिघांत.

मोहन काका: माझेही धरा चौथे. वहिनींचा वाढदिवस आहे.

मेघा: काका 🙏 शनिवारी मी ठाण्याला येतेच आहे भाजणीसाठी, येताना माझा किंडल आणते, आईकडे ठेवून जाते. तिने आठवडाभर रात्री वापरून बघावा, डाव्या कुशीवर. माझा जुना आहे, लाइट पांढराच, पण वजन आणि पान उलटणं तरी कळेल. जमलं तर घेऊ, नाही जमलं तर चिमट्याचा दिवा आहेच.

रोहिणी: चार्जरची वायर आणा आठवणीने, आमच्याकडे जुन्या पिनची एकही नाही आता.

आई: यादी करायला घेते. ओंकार ऱ्हस्व दीर्घ चुकलं तर शोधताना सापडत नाही का ते