डब्यावरची ‘जीओएस’ साखर घरच्या दह्यात बनते काय?

आर्वीचा आजा
माह्या सुनेले बाळंत होऊन १२ दिवस झाले. नात बारीक हाय म्हणून व्याही दुधाचा डबा घेऊन आले. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिवलं हाय, ‘गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकॅराइड, जीओएस’. मोबाइलवर पाह्यलं तर पोटातल्या चांगल्या जिवाणूंच्या एन्झाइमनं दुधातल्या साखरेपासून हे बनवतात म्हणे, आन् तेच जिवाणू मंग ते खातात. आमच्या घरी २ गवळाऊ गाई हायेत, रोज दही लागते. मंग हे साखर आमच्या दह्यात बनत नाई काय? बनत असन तर दह्याची निवळी चमच्यानं पोरीले चाटवली तर चालते काय? पैशासाठी नाई इचारत. पोरीच्या पोटात काय जाते ते मले समजलं पाह्यजे.

दुग्धशास्त्र शिकलेली, अमरावती
काका, बनते, पण अगदी थोडी. दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, दोन तुकडे असतात: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. जिवाणूचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम तो जोड तोडतं. सुटलेला गॅलॅक्टोज पाण्याला दिला तर साखर नुसती तुटते, दुसऱ्या साखरेला चिकटवला तर जीओएसची साखळी तयार होते. गाईच्या दुधात लॅक्टोज जेमतेम ५ टक्के, बाकी बहुतेक पाणीच, म्हणून तिथं पाणी जिंकतं. कारखान्यात लॅक्टोजचा दाट पाक करून त्यात एन्झाइम टाकतात, मग साखळ्या जास्त जुळतात. आपल्याला ती पचत नाही, ती मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथे बायफिडोबॅक्टेरिया, म्हणजे पोटातले चांगले जिवाणू, तिच्यावर जगतात. निवळी मात्र बाळाला चाटवू नका, वर्षाच्या आत गाईचं दूध पाजायचं नसतं.

उपकेंद्रातली ताई, यवतमाळ जिल्हा
आजोबा, सुनेला दूध येतंय ना? मग त्या डब्यावरची साखर ज्याची नक्कल आहे, ते अस्सल तिच्याजवळच आहे. आईच्या दुधात अशा साखरांचे दीडशेहून जास्त प्रकार असतात, एका लिटरमध्ये साधारण ५ ते १५ ग्रॅम. चिकाच्या दुधात त्याहून जास्त. बाळाला त्या पचतच नाहीत! आई त्या बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठीच बनवते. गाईच्या दुधात त्या नावापुरत्या. १८९९ मध्ये फ्रेंच डॉक्टर हेन्री टिसिए यांना बायफिडो जिवाणू सापडले तेही आईच्या दुधावरच्या बाळांच्या शीमध्ये.
आमच्या भागात अजूनही काही घरी चीक पिळून टाकतात, ते पाहून जीव तुटतो माझा. तुमच्याकडे पाजला का? ६ महिने घुटी, मध, पाणी, काही नको. दिवसाला ६ वेळा लघवी होते का ते मोजा आणि आशाताईकडून वजन करून घ्या. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, डबा उघडायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.

आर्वीचा आजा
चीक पाजला ताई, माही बायको अडून बसली होती. लघवी काल ७ वेळा झाली, मीच मोजली. वजन उद्या करतो. डबा फडताळात ठेवला, व्याह्याले मी समजावतो. दही सुनेनं खाल्लं तर चालते ना?

उपकेंद्रातली ताई
खुशाल खाऊ द्या. ज्वारीची भाकर, वरण, ताजं दही, पोटभर.