पल्ला वाढवायचाय: अ‍ॅम्प्लिफायर की अँटेना?

तरंगवेडा (धागाकर्ता):
५ वॅटच्या हँडसेटला ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की पल्लाही दहापट होतो, असं बरेच नवे हॅम (हौशी रेडिओवाले) धरून चालतात. तसं होत नाही. दहापट वॅट म्हणजे १० डीबी (डेसिबल, शक्ती किती पट वाढली याचं माप), आणि समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट (सिग्नलच्या जोराचं एक घर) चढायलाच ६ डीबी लागतात. सुई दोन घरंही सरकत नाही. व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) मध्ये डोंगर आडवा आला तर वॅट ओतून फारसं काही हाती लागत नाही, तिथे अँटेनाची उंचीच कामाला येते. माझं स्पष्ट मत: आधी अँटेना, मग केबल, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी.

गच्चीविना:
साफ असहमत. ज्यांना गच्चीवर काही लावूच देत नाहीत त्यांनी काय करायचं? शिवाय हँडसेट ज्या एफएम पद्धतीने बोलतो तिला एक उंबरठा असतो. सिग्नल त्याखाली असला की नुसती खरखर, आणि थोडे डीबी वर गेला की शब्द न् शब्द स्वच्छ. काठावरच्या माणसासाठी तुमचे ते १० डीबी म्हणजे संपर्क झाला की नाही, एवढा फरक आहे.

तरंगवेडा:
उंबरठ्याचं मान्य. पण अ‍ॅम्प्लिफायरने फक्त तुमचा आवाज पोचतो. समोरचा ५ वॅटवर असेल तर तो तुम्हाला ऐकेल, तुम्ही त्याला ऐकणार नाही! आणि केबल बघा: १४५ मेगाहर्ट्झला २० मीटर आरजी-५८ (नेहमीची बारीक अँटेना केबल) निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच खाते, तीही जाताना आणि येताना, दोन्हीकडे. चांगली जाड केबल टाकली की बोलणं सुधारतं आणि ऐकणंही.

सोल्डरगन:
दोघांनाही एक विनंती. नव्या लोकांना निदान सेट उघडून आतला ट्रिमर (वॅट कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) पिळायला सांगू नका. सेटचं शरीर, बॅटरी आणि आतला लो-पास फिल्टर (वरच्या नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) मूळ वॅटच्या हिशेबाने बनवलेले असतात. फायनल ट्रान्झिस्टर (अँटेनाला शक्ती देणारा शेवटचा) तापून जातो तो वेगळाच. त्याहून वाईट म्हणजे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटी-तिपटीवरचे नको असलेले सिग्नल) वाढतात. १४५ चा दुसरा हार्मोनिक २९० मेगाहर्ट्झवर पडतो, म्हणजे थेट दुसऱ्याच्या बँडमध्ये. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर (प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरची शक्ती वेगळी दाखवणाऱ्या यंत्रावर) बघितल्याशिवाय हे कळतही नाही, कारण वॅटमीटर सगळं मिळून एकच आकडा दाखवतो.
बाहेरचा युनिट घ्या, पण परवान्यातली मर्यादा पाहून आणि फिल्टर असलेलाच. ५० वॅटला १३.८ व्होल्टवर ८-१० अँपिअर लागतात, तेव्हा वायर जाड हवी. क्लास-सी (सिग्नलचा आकार न राखणारा अ‍ॅम्प्लिफायर) एफएमला चालतो. एसएसबीला (आवाज पाठवायची दुसरी पद्धत) लिनिअरच, म्हणजे आकार राखून वाढवणारा, लागतो, नाहीतर आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीही खराब होतात.

गच्चीविना:
आतलं काम मीही कोणाला सुचवणार नाही. लिनिअर, फिल्टरसकट आणि रिसीव्ह प्रीअ‍ॅम्प (येणारा सिग्नल वाढवणारा) असलेला घेतला तर ऐकण्याचाही प्रश्न बराच सुटतो.

तरंगवेडा:
प्रीअ‍ॅम्प घरातला गोंगाटही तेवढाच वाढवतो. अँटेना खोलीत आणि ५० वॅट, हे तर मला अजिबात पटत नाही. आरएफ (रेडिओ लहरींची शक्ती) घरच्या वायरिंगमध्ये शिरतं आणि माणसं अँटेनाच्या हातभर अंतरावर बसलेली असतात. खिडकीतून बोलण्यापुरता बाहेर काढता येईल असा रोल-अप जे-पोल (गुंडाळून ठेवता येणारा अँटेना) आधी लावून बघा, तोही ५ वॅटवरच.

गच्चीविना:
जे-पोल लावून बघतो. पण मला बोलायचंय ते डोंगराच्या बाजूला आणि खिडकी विरुद्ध बाजूला आहे, त्यामुळे लिनिअर यादीतून काढत नाही.